लक्ष्मीबाईंची साक्ष

नाताळच्या आधीच्या आठवड्यात आमच्या चर्चमध्ये तरुण संघाची उपासना असते. दोन-तीन गाणी, एक नाटुकलं, शेवटी चहा-केक आणि मध्ये कुठेतरी तीन 'साक्षी'. ख्रिस्ती घरात न वाढलेल्यांसाठी सांगते: साक्ष म्हणजे कुणीतरी पुढे येऊन, माइक हातात घेऊन, देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते पाच मिनिटांत सांगणं. गेल्या वर्षी पाळकांनी मला विचारलं. आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

"मी काय सांगणार?" मी म्हटलं.

"तू दर रविवारी येत राहिलीस. तेच सांग की."

घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि अडकले. साक्षीचा साचा मला लहानपणापासून पाठ आहे. आधी मी अंधारात होतो. मग एक प्रसंग घडला: आजार, अपघात, परीक्षेतलं अपयश. मग प्रभू भेटला. आता माझ्या जीवनात खरा आनंद आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात असल्यामुळे मला हा साचा रिलीज नोटसारखा वाटतो. जुन्या व्हर्जनमध्ये अमुक-अमुक बग होते, नव्यात सगळे काढले आहेत. रिलीज नोट लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, सगळे काढलेले नसतात.

माझी गोष्ट त्या साच्यात बसत नव्हती. आईसाठी सगळ्या मंडळीने प्रार्थना केली आणि आई बरी झाली नाही. दुसरी अडचण सांगायला जास्त अवघड होती. त्या आठ महिन्यांत मी पूर्ण अंधारातही नव्हते. आईला मातीत ठेवून आलो त्याच संध्याकाळी आजीने आईच्या पहिल्या भाकरीची गोष्ट सांगितली. ती भाकरी तव्यावरून थेट शेजाऱ्यांच्या कुत्र्याकडे गेली आणि कुत्र्यानेही ती नुसती हुंगून सोडून दिली. आम्ही सगळे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. त्या हसण्याला काय म्हणायचं? तो आनंद असेल, तर साक्षीच्या साच्यात तो 'आधी'त घालायचा की 'नंतर'मध्ये?

उत्तर सापडेना म्हणून मी आजीच्या कपाटाकडे वळले. तिथे 'उपासना संगीत' आणि 'स्मृतिचित्रे' शेजारी शेजारी असतात. 'स्मृतिचित्रे'तला उतारा शाळेत वाचला होता. अख्खं पुस्तक वाचलं नव्हतं. त्या रात्री साक्ष लिहायचं टाळण्यासाठी ते हातात घेतलं. हा लेख त्या वाचनातून आला आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र म्हणजे मराठीतली सगळ्यात मोठी साक्ष आहे आणि ती साक्ष म्हणून आपण कधी नीट वाचलेलीच नाही, असं मला म्हणायचं आहे.

*

हा कथनप्रकार आपल्याकडे कसा आला ते थोडक्यात पाहू. १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च आजही शहरात आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथेच, कोल्हापुरात जन्मला. पुढे अमेरिकेत जी विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली, तिच्या संस्थापकांपैकी तो एक. या मिशनरी परंपरेचा सगळा भर वैयक्तिक श्रद्धेवर होता. जन्माने ख्रिस्ती असणं पुरेसं नाही, प्रत्येकाला ख्रिस्त स्वतःचा स्वतः भेटला पाहिजे. आणि भेटला असेल, तर ते सांगता आलं पाहिजे. धर्माबरोबर गोष्ट सांगायची एक रीतही आली ती अशी.

मराठीत ती रीत लवकर रुजली. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले आणि १८५४ साली तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'यमुनापर्यटन' लिहिणारे म्हणून साहित्याचे विद्यार्थी त्यांना ओळखतात. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'अरुणोदय'. नावातच साचा आहे: आधी रात्र, मग पहाट. पदमनजी वाचन आणि वादविवाद करत करत श्रद्धेपर्यंत पोचले. त्यांचं पुस्तक प्रामाणिक आहे, त्या काळच्या मुंबई-बेळगावचा तो मोलाचा दस्तऐवज आहे. पण त्यातला मागचा माणूस हा पुढच्या माणसाने हरवलेला प्रतिपक्षी असतो. वाद जिंकल्याचं समाधान तिथे आहे. आनंद मात्र मला फारसा सापडला नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या म्हणतात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि तो मिळायला आणखी काही वर्षं गेली. मराठी मुलुखातल्या सगळ्यात विद्वान बाईने हे कबूल करावं, यात धैर्य आहे. धर्म बदलणं आणि आतून आनंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे तोवर कुणी सांगितलं नसावं. तरीही ती साक्ष वाचताना मला रमाबाई उंचावर उभ्या असलेल्या दिसतात. दुष्काळात आईवडील गमावलेली, भाऊ आणि नवरा गमावलेली, केडगावला मुक्ती मिशन उभारून शेकडो बायका-मुलींना आसरा देणारी ही बाई. तिच्या आनंदापुढे मान झुकते. पण त्या आनंदात जाऊन बसता येत नाही.

लक्ष्मीबाईंच्या शेजारी मात्र बसता येतं.

*

'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला, तेव्हा लक्ष्मीबाई साठी ओलांडलेल्या होत्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. जे काही लिहिणं-वाचणं आलं ते लग्नानंतर, घरातच. लग्न अकराव्या वर्षी झालं ते नारायण वामन टिळकांशी. टिळक कवी होते, शीघ्रकोपी आणि भाबडे होते, आणि दिलेले पैसे व निघालेलं काम दोन्ही वाटेत विसरून भलतंच काहीतरी घेऊन परतणारे होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक अनोळखी गोरा गृहस्थ भेटला. त्याने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. टिळक ते पुस्तक वाचत गेले आणि गिरिप्रवचनाशी थांबले. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको सोबत नव्हती. तिला ही बातमी कळली ती वीज पडावी तशी.

इथून पुढची पाच वर्षं ही कुठल्याही साच्यातल्या साक्षीत 'अंधारा'ची वर्षं ठरली असती. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. पदरात लहानगा दत्तू. लोकांच्या नजरा. आप्तांच्या घरी दिवस काढायचे. लक्ष्मीबाई हे दुःख लपवत नाहीत, आपण त्या काळात जवळजवळ वेड्या झालो होतो हे त्या सांगतात. पण सांगतानाचा त्यांचा सूर बघा. दुःखाच्या अगदी मध्यावर त्या एखादी फजिती सांगतात, एखाद्या नातलगाची लकब दाखवतात, आणि सगळ्यात जास्त स्वतःवरच हसतात.

या हसण्याला आपण विनोद म्हणतो. शाळेत आम्हाला हेच शिकवलं: लक्ष्मीबाईंची शैली साधी, प्रांजळ आणि विनोदी. पाच मार्कांचा प्रश्न. पण हा विनोद शैलीत नाही, तो दृष्टीत आहे, आणि ती दृष्टी श्रद्धेची आहे, असं मला वाटतं. का, ते एका उदाहरणाने सांगते.

पुस्तकाच्या सुरुवातीला लक्ष्मीबाईंचे वडील येतात. १८५७च्या धामधुमीत घरच्या एका आप्ताला फाशी झाली, घरात शिपाई शिरले, आणि त्यानंतर या गृहस्थांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जाऊ लागली. मीठसुद्धा धुवायचं! पदमनजींच्या लेखणीला हा प्रसंग मिळाला असता तर तो रूढीच्या मूर्खपणाचा पुरावा झाला असता. लक्ष्मीबाईंच्या हातात तो विनोदी तर होतोच, शिवाय त्यातून एका घाबरलेल्या माणसाची व्यथाही दिसते. वडिलांच्या वेडाने घरातल्या बायकामुलांचे किती हाल झाले हे त्या सांगतात. पण त्यांना कोर्टात उभं करत नाहीत.

आता हाच धागा पुढे न्या. ही सोवळ्यात वाढलेली मुलगी पाच वर्षांनी ख्रिस्ती नवऱ्याजवळ परत जाते ती स्वतःचं सोवळं सांभाळूनच. तिचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. तिला कुणी वादात हरवत नाही. एके दिवशी ती एकटीच विचार करत बसते. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसांच्या शरीरात काही फरक दिसला असता. तो तर दिसत नाही. झालं, प्रश्न सुटला. यापुढे कुणाच्याही हातचं खायचं. तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी क्रांती अशी घरकाम करता करता, डाळ निवडावी तशी होते. बाप्तिस्मा पुढे १९०० साली झाला. जात आधी गेली, धर्म नंतर बदलला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणि या बदलानंतर लक्ष्मीबाई आपल्या जुन्या, सोवळ्यातल्या स्वतःबद्दल कसं लिहितात? एखाद्या आवडत्या, थोड्या वेंधळ्या धाकट्या बहिणीबद्दल लिहावं तसं. तिची धडपड, तिचे हट्ट, विटाळ टाळायच्या तिच्या युक्त्या, सगळं प्रेमाने. नव्या बाईने जुन्या बाईला माफ केलेलं आहे, किंबहुना माफ करण्यासारखं काही होतं असं तिला वाटतच नाही. साच्यातल्या साक्षीत बोलणाऱ्याला आपला भूतकाळ काळा रंगवावा लागतो, नाहीतर वर्तमान पुरेसा उजळ दिसत नाही. लक्ष्मीबाईंना त्याची गरज पडत नाही, कारण देवाने आपल्यावर प्रेम केलं ते बदलल्यानंतर नव्हे, आधीपासूनच, असा त्यांच्या लिहिण्याचा अर्थ निघतो. मीठ धुणाऱ्या वडिलांवरही, वेगळी चूल मांडणाऱ्या मनूवरही. ज्याला हे पटलं तोच स्वतःच्या भूतकाळावर कडवट न होता हसू शकतो. माझ्या लेखी हा आनंद आहे, आणि तो पुस्तकभर वाक्यावाक्यांत आहे. 'मला आनंद मिळाला' असं सांगायला त्या थांबत नाहीत, इतकंच.

*

यावर दोन आक्षेप येऊ शकतात, आणि दोन्ही मी स्वतःच घेऊन पाहिले.

पहिला आक्षेप असा: शेवटी बायको नवऱ्याच्या मागे गेली, यात वैयक्तिक श्रद्धा कुठे आली? १८९०च्या दशकातल्या बाईला दुसरा पर्याय काय होता? आक्षेप खोटा नाही. जोसेफिन इन्क्स्टर यांनी १९५० साली या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं, त्याचं नावच 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे मी मागोमाग जाते. मी आधी या नावावर चिडले. जी बाई पाच वर्षं मागे गेली नाही, तिच्या पुस्तकाला हे नाव? मग लक्षात आलं की किंग जेम्स बायबलमध्ये फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हेच तीन शब्द आहेत. पौल तिथे म्हणतो की मी अजून पोचलेलो नाही, मला सगळं मिळालेलं नाही, पण मी मागे लागलो आहे. पौलाने हे पत्र तुरुंगातून लिहिलं, आणि सगळ्या नव्या करारात आनंदाबद्दल सर्वाधिक बोलणाऱ्या पत्रांपैकी ते एक आहे. असा विचार केला की नावाचा अर्थ उलटतो. ती नवऱ्याच्या मागे गेली की नाही हा प्रश्न उरत नाही, ती अजून चालते आहे एवढंच उरतं. साचेबंद साक्षीत नेमकं हेच नसतं. तिथे प्रवास संपलेला असतो.

दुसरा आक्षेप साहित्याच्या बाजूने येतो: यात श्रद्धा कशाला शोधायची? एक जिवंत बाई, एक जिवंत काळ, झकास गद्य, एवढं पुरेसं नाही का? मराठी वाचकाने साधारण असाच व्यवहार केला आहे. 'स्मृतिचित्रे' अभिजात ठरलं, विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला, २०१७ साली शांता गोखले यांचं नवं इंग्रजी भाषांतर आलं. पुस्तक सगळ्यांनी आपलं मानलं, पण त्यातलं ख्रिस्तीपण बहुतेकांनी कथानकातला एक ट्विस्ट म्हणून वाचलं. चर्चने केलं ते याच्या नेमकं उलट. आम्ही 'उपासना संगीत'मधून टिळकांची गीतं दर रविवारी गातो, पण लक्ष्मीबाईंचं पुस्तक उपदेशात क्वचितच येतं. ते फार हसरं आहे, फार घरगुती आहे, त्यात योग्य जागी योग्य अश्रू येत नाहीत. म्हणजे एकाने विनोद ठेवला आणि श्रद्धा सोडली, दुसऱ्याने श्रद्धा ठेवली आणि विनोद सोडला. दोघांकडे अर्धंअर्धं पुस्तक आहे.

हे दोन अर्धे जोडून वाचले की टिळकांचं घरही वेगळं दिसू लागतं. टिळक म्हणत की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून. म्हणून ते अभंग लिहीत राहिले आणि 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी हाती घेतलं. ते अपुरं राहिलं, पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचून ते पुरं केलं. शाळेत न गेलेल्या बाईने! त्या घरात कोण कोण राहून गेलं याचा हिशेब नाही. अनाथ मुलं, नातेवाईक, वाटेवरचे लोक. बालकवी ठोमरे तिथे येऊन राहिले, ब्राह्मण मुलगा ख्रिस्ती घरात राहतो म्हणून लोकांनी नावं ठेवली तरी. 'आनंदी आनंद गडे' ही आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेली कविता ज्याने लिहिली, त्या मुलाला लक्ष्मीबाईंनी वाढलं, त्याचे रुसवेफुगवे काढले आणि नंतर त्यावर खळखळून लिहिलं. वैयक्तिक श्रद्धा म्हटलं की आपल्याला एकटा माणूस डोळे मिटून बसलेला दिसतो. लक्ष्मीबाईंची वैयक्तिक श्रद्धा पंगतीत दिसते. पाट वाढवावे लागतात, धान्य पुरवावं लागतं, नवऱ्याने आणखी कुणाला बोलावलं म्हणून डोक्याला हात लावावा लागतो. त्यांचा आनंद या ओढाताणीपासून वेगळा काढता येत नाही.

टिळक स्वतःही पोचलेले नव्हते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे ज्यात बसतील अशी मंडळी त्यांना हवी होती. दोनच वर्षांनी, मे १९१९मध्ये ते गेले. बावीस-चोवीस वर्षं ख्रिस्ती म्हणून जगल्यावर, पन्नाशी उलटल्यावर, पुन्हा सगळं सोडून नव्याने शोधायला निघणारा नवरा घरात असेल तर बायकोचे काय होत असेल? लक्ष्मीबाई तेही सांगतात, त्याच सुरात. तक्रार आहे, माया आहे, हसू आहे. त्यांनी लिहिलं तोवर नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. तरी तो पानावर आला की तिथे अजून भांडण जुंपतं. गेलेल्या माणसाशी इतकं जिवंत भांडता येणं ही मला पुनरुत्थानावरच्या कित्येक उपदेशांपेक्षा मोठी साक्ष वाटते.

पुस्तकात उणं काहीच नाही असं नाही. स्वतःच्या प्रार्थनेबद्दल, आतल्या शंकांबद्दल लक्ष्मीबाई फार कमी बोलतात. रमाबाई जिथे थांबून स्वतःला तपासतात, तिथून लक्ष्मीबाई पुढच्या गोष्टीकडे पळतात. कधीकधी वाटतं, थांबा की जरा, मला अजून विचारायचं आहे. देवाने तुमचं ऐकलं नाही तेव्हा तुम्ही काय केलंत? त्याचं सरळ उत्तर पुस्तकात नाही. उत्तर म्हणून त्या आणखी एक गोष्ट सांगतात. त्या रात्री मला याचा राग आला होता. आता तितका येत नाही.

*

उपासनेच्या दिवशी मी साक्ष दिली. आधी अंधार होता असं म्हणाले नाही, आता खरा आनंद आहे असंही म्हणाले नाही. आई बरी झाली नाही, हे सांगितलं. आणि मग आजीने त्या संध्याकाळी सांगितलेली भाकरीची गोष्ट सांगितली, कुत्र्यासकट. मागच्या बाकावरची पोरं आधी एकमेकांकडे बघत राहिली, चर्चमध्ये यावर हसायचं की नाही हे त्यांना कळेना. मग एक काकू हसल्या आणि सगळेच हसले. मला वाटतं देवाला ते चाललं असावं. एवढंच म्हणून मी माइक पुढच्याला दिला. तीन मिनिटंही झाली नसतील.

बाहेर चहा घेताना मी आजीला विचारलं, "कशी झाली?"

आजीने केकचा तुकडा चहात बुडवला. "माइक तोंडाजवळ धरायचा असतो गं. मला कुत्र्यापासून पुढचंच ऐकू आलं," ती म्हणाली. "आणि ती ज्वारीची नव्हती. तांदळाची होती भाकरी."